सोरोबान आणि शूजी : लेकाला घालायला गेले आणि स्वतःच बसले

सातारी_मिरची

मंडळी, बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं. थोडा अनुभव आहे आणि शेवटी एक प्रश्न आहे. घाई असेल त्यांनी थेट शेवटावर उडी मारावी.

आम्ही तोक्योच्या एदोगावा भागात राहतो. लेक इथल्या साध्या सरकारी शाळेत, यंदा तिसरीत. तिसरीपासून जपानी शाळेत ब्रशनं अक्षर गिरवायला लावतात, तीच शूजी. तो भाषेच्याच विषयाचा भाग. एप्रिलमध्ये सामानाची यादी आली: एक जाडा ब्रश, नाव लिहायला एक बारीक ब्रश, सुझुरी म्हणजे शाई उगाळायची खोलगट पाटी, कागदाखाली अंथरायचं जाड कापड आणि कागद दाबून धरायची लोखंडी पट्टी. सोबत सूचना की त्या दिवशी पांढरा शर्ट नको. मी अर्थातच पांढरा घालून पाठवला.

गणितात सोरोबान, म्हणजे जपानी अबॅकसही येतो, पण तिसरी-चौथीत मिळून मोजकेच तास. खरं शिकायचं तर गल्लीतला क्लास. जुन्या जपानात देवळाच्या आवारात, कुणाच्या पडवीत ज्या शाळा चालायच्या तिथे शिकवायचे 'योमी, काकी, सोरोबान'. वाचणं, लिहिणं आणि हिशेब. गंमत बघा, हिशेबाला त्यात वेगळा शब्दच नाही, यंत्राचंच नाव.

आमच्या इथे सत्तरीपुढच्या एक बाई दोन्ही शिकवतात. मंगळवारी सोरोबान, शुक्रवारी शूजी. मी लेकाला सोडून बाहेरच्या बाकावर फोन बघत बसायचे. तिसऱ्या आठवड्यात बाई म्हणाल्या, नुसत्या कशाला बसता, आत या. वय वर्षं ४१, शिक्षण बी.कॉम., शेजारी बसलेली सहाध्यायी वय वर्षं ७. ती मला चुका दाखवते आणि तोंडावर हात ठेवून हसते.

सोरोबानला प्रत्येक दांडीवर वर एक मणी, त्याची किंमत पाच. खाली चार, किंमत एकेक. मधल्या आडव्या पट्टीला टेकला तोच मणी मोजायचा. खालचे मणी वर ढकलायचं काम अंगठ्याचं, बाकी सगळं तर्जनीचं. माझी तर्जनी अजून अंगठ्याच्या कामात नाक खुपसते.

८ मध्ये ७ मिळवायचे तर सात मणी मोजत बसायचं नाही. सातचा दहापर्यंतचा जोडीदार तीन. एककातले तीन काढा, दशकात एक चढवा, झाले १५. विचार करून केलं की हटकून अडकते, बोटांवर सोडलं की होतं. आणि सगळं डावीकडून, मोठ्या स्थानापासून. आपण कागदावर उजवीकडून हातचे घेत येतो त्याच्या बरोबर उलटं.

सगळ्यात मजा तोंडी रकमांची. बाई खणखणीत आवाजात सुरू करतात, "गोहासान दे, नेगाइमाशिते वाऽऽ". म्हणजे मागचं सगळं मोडा, आता घ्या. मग रकमा, प्रत्येकीच्या मागे "एन नारी, एन नारी" अशी लय, शेवटचीला "एन दे वा". मणी थांबतात, कुणीतरी उत्तर सांगतं, बरोबर असेल तर "गोमेइसान!"

घरी सराव म्हणून मी मराठीत आकडे सांगायला गेले आणि फजिती झाली. जपानीत तेवीस म्हणजे 'नि-जू-सान', दोन-दहा-तीन. ऐकाल तसा मणी हलवा. आपल्या 'तेवीस'मध्ये तीन आधी येऊन बसतो. 'एकोणऐंशी' म्हटल्यावर तर लेकानं हात हवेतच धरला. "आई, आधी पूर्ण बोल, मग मी ठरवतो." ऐंशी ऐकायचं आणि लावायचे सात! त्यात इथे दहा हजाराचा एक 'मान', म्हणजे आपला एक लाख त्यांचा दहा मान. घरात आता हिशेब जपानीत आणि भांडण मराठीत असं ठरलंय.

शूजी हे वेगळंच प्रकरण. बाई तेहोन देतात, म्हणजे आपला कित्ता. तो डावीकडे ठेवायचा आणि पाठ ताठ करून लिहायचं. रेघ जिथे संपते तिथे तीन प्रकार: तोमे म्हणजे थांबणं, हाने म्हणजे आकडा मारून उचलणं, हाराइ म्हणजे झाडू फिरवल्यासारखं निमुळतं सोडून देणं. 'चिरंतन' अशा अर्थाचं एक अक्षर आहे, 永. त्यात रेघांचे आठही मूळ प्रकार येतात म्हणून ते वर्षानुवर्षं गिरवतात. मी दोन महिने गिरवतेय. माझा हाराइ अजून पालीच्या तुटक्या शेपटीसारखा येतो. बाई लाल शाईनं वरून दुरुस्त करतात आणि चांगलं जमलं तर पाकळ्यांचं गोल फूल काढतात. एक्केचाळिसाव्या वर्षी ते फूल मिळालं की काय वाटतं ते इथे लिहीत नाही.

आता प्रश्न. शूजीत एकदा ओढलेली रेघ पुन्हा गिरवायची नाही. दुसरा हात फिरवला की शाईचा पोत बदलतो आणि बाईंना दुरून कळतं. सोरोबानचं उलट. चुकलं तर एवढंच कळतं की चुकलं. कुठे, ते कुणालाच दिसत नाही. मोडलं, पुन्हा सुरू. लेकाला हे मोडणं फार आवडतं. बोट सर्रकन फिरवलं की सगळं शून्य, आणि कुणाला पत्ता नाही. शूजीला मात्र रडतो. चुकलेला कागद समोर पडलेला त्याला बघवत नाही, चोळामोळा करून दप्तराच्या तळाशी कोंबतो. म्हणतो सोरोबान ठेव, शूजी सोड. शाळेत असेल तेवढं पुरे म्हणून क्लास सोडू द्यावा का? की रेटू?

चकलीचा_सोऱ्या

वाचतेय. पालीच्या शेपटीला फुटले.

पुणेरी_पाटी

ताई, अनुभव छान लिहिलाय, पण या मण्यांच्या नादात आमच्याकडे काय चाललंय ते बघा. प्रत्येक सोसायटीत अबॅकसचा क्लास. जाहिरातीत एकाग्रता, स्मरणशक्ती, उजवा मेंदू, डावा मेंदू, सगळं एका फीमध्ये. पोरं हवेत बोटं नाचवतात आणि पालक व्हिडिओ काढतात. भाचीला दोन वर्षं घातलं होतं. बेरजा भराभर करते, पण शाब्दिक उदाहरण दिलं की विचारते, "मामा, यात बेरीज करायची की वजाबाकी?" कॅल्क्युलेटर चार पैशाला मिळत असताना हा उपद्व्याप कशाला?

शूजीबद्दल माहिती नाही, पण रडत असेल तर सोडवा. इथे कोण अक्षर बघतंय.

गणोबा

पाटीसाहेब, अर्धं बरोबर. मेंदूच्या जाहिराती सोडून द्या, पण हे तपासलं गेलंय. जपानात हातानो या मानसशास्त्रज्ञांनी सोरोबानातल्या तरबेज लोकांची परीक्षा घेतली होती. लांबलचक आकडे एकदा ऐकून सुलटे म्हणतील, उलटे म्हणतील. त्याच माणसांना आकड्यांऐवजी अक्षरं किंवा फळांची नावं दिली की तुमच्या-आमच्यासारखेच. म्हणजे स्मरणशक्ती अशी सरसकट वाढत नाही, डोक्यात मण्यांची पाटी तयार होते आणि तिच्यावर फक्त आकडेच मावतात. आपल्या जवळचं उदाहरण बडोद्याचं. शाळेतल्या मुलांना तीन वर्षं मनातल्या अबॅकसचं शिक्षण देऊन, न शिकलेल्यांशी तुलना केली. निष्कर्ष २०१६ मध्ये आले: अंकगणित सुधारलं, बाकीच्या बौद्धिक क्षमतेत फरक नाही.

म्हणून भाचीचं जे झालं ते रास्तच आहे. तिला बेरीज शिकवली, तिला बेरीज आली. हवेतली बोटं मात्र ढोंग नाही. पाटी डोळ्यासमोर दिसत असते, बोटं तिच्यावरच फिरतात.

सांगलीचे_आजोबा

चि. सातारी मिरची यांस, अनेक आशीर्वाद. मी बँकेत ३४ वर्षं होतो, निम्मी यंत्राशिवाय. आमच्या लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ असत. औट म्हणजे साडेतीन, हे आता सांगावं लागतं. संध्याकाळी दिवा लागला की उजळणी. चुकलो तर वडील काही बोलत नसत, पुन्हा "बे एके बे"पासून. तुमचं ते गोहासान आमच्याकडे असं होतं म्हणायचं.

एक शंका. तिकडे पाढे कितीपर्यंत पाठ करतात?

सातारी_मिरची

नमस्कार आजोबा. नवापर्यंतच! आमच्या आईनं ऐकलं तेव्हा तिला धक्काच बसला. "तीसपर्यंत नाहीत? मग कसला हिशेब?" पण सोरोबानला नवाच्या वर लागतच नाही. ३७ गुणिले ६ असेल तर तीन सक अठरा लावायचे, मग एक घर सरकून सात सक बेचाळीस. एका वेळी एकाच अंकाशी काम. पाठांतर कमी, हात जास्त.

आमच्या बाई सांगतात की त्यांच्या आजोबांच्या काळात भागाकाराचेही पाढे असत, तालावर म्हणायचे. आता ते शिकवत नाहीत. बाईंना तुमची औटकी ऐकवली तर वेड लागेल.

ओसाकाकर

आम्ही गेल्या वर्षी ह्योगोतल्या ओनो गावाला गेलो होतो. बान्शू सोरोबान तिथला. त्याला १९७६ मध्ये पारंपरिक कलावस्तूचा सरकारी दर्जा मिळाला. सांगतात की १५८०च्या सुमारास जवळच्या मिकी किल्ल्याला वेढा पडला, माणसं ओत्सूकडे पळाली, तिथे सोरोबान बनवायला शिकली आणि परतताना कसब घेऊन आली. दुसरं नावाजलेलं ठिकाण शिमानेतलं ओकुइझुमो.

मणी बर्चचे किंवा त्सुगे नावाच्या झाडाचे, चौकट शिसवीसारख्या काळ्या लाकडाची, दांड्या बांबूच्या. मण्याचा आकार बघा, दोन शंकू तळाशी तळ लावून चिकटवल्यासारखा. बोट धारेवर बसतं म्हणून मणी झटकन जातो. चिनी पाटीवर गोलसर मणी असतात, वर दोन आणि खाली पाच. जपान्यांनी आधी वरचा एक काढला, मग विसाव्या शतकात शाळेत खालचाही एक गेला. जास्तीचे मणी हिशेबाला लागत नाहीत हे लक्षात यायला तीनशे वर्षं लागली म्हणायची.

ऑगस्टच्या आठ तारखेला इथे सोरोबान दिन असतो. आठ-आठ, म्हणजे 'पाची-पाची', मण्यांचा आवाज. असल्या कोट्या करण्यात जपानी माणूस पुणेकरालाही हरवेल.

पुणेरी_पाटी

हरकत घेत आहे. कोटीला, उपमेला नाही.

नुसताच_वाचक

कॅल्क्युलेटरचा विषय निघालाच आहे म्हणून. १२ नोव्हेंबर १९४६ ला तोक्योत याचा जाहीर सामना झाला होता. अमेरिकी फौजेनं एक नाट्यगृह ताब्यात घेऊन त्याला अर्नी पाइल थिएटर नाव दिलं होतं, तिथे. एका बाजूला अमेरिकी सैनिक थॉमस वुड आणि विजेवर चालणारं गणनयंत्र, दुसऱ्या बाजूला सरकारी खात्यातले कियोशी मात्सुझाकी आणि सोरोबान. सोरोबान ४-१ नं जिंकला. यंत्रानं फक्त गुणाकार मारला. युद्ध हरून सव्वा वर्ष झालेल्या शहरात प्रेक्षकांना काय वाटलं असेल याची कल्पना करा.

आणि आजोबांसाठी एक उदाहरण. १६२७ साली योशिदा मित्सुयोशी यांचं 'जिन्कोकी' आलं, सोरोबान घराघरात नेणारं पुस्तक. त्यातलं उंदरांचं गणित प्रसिद्ध आहे. जानेवारीत एक जोडी, तिला १२ पिल्लं. दर महिन्याला प्रत्येक जोडीला १२ पिल्लं. डिसेंबरअखेर उंदीर किती?

सांगलीचे_आजोबा

दर महिन्याला सातपट होणार. दोन गुणिले सात, बारा वेळा. २७ अब्ज ६८ कोटी २५ लाख ७४ हजार ४०२. कागदावर केलं, २० मिनिटं लागली. एकदा हातचा विसरलो होतो.

नुसताच_वाचक

आजोबा, गोमेइसान!

बोरूबहाद्दर

मी मोडी शिकवतो, त्यामुळे शूजीवर बोलल्याशिवाय राहवत नाही.

आपला बोरू आणि त्यांचा ब्रश यांत मूळ फरक आहे. बोरूचं टोक तिरकं कापलेलं असतं, जाड-बारीक रेघ येते ती धरायच्या कोनातून. कोन सांभाळला की अर्धं अक्षर आपोआप सुबक येतं. ब्रशला तसा आधारच नाही, केसांचा मऊ झुबका. जाडी येते ती दाबातून, म्हणजे दंडातून, खांद्यातून. तुमच्या बाई मनगट टेकू देत नसतील बघा. लेकरू रडतं ते हट्टीपणानं नाही. आठ वर्षांच्या खांद्याला ते जड जातं.

दुसरं. जपानी 'काना' लिपीचा तक्ता म्हणून पाहा: आ इ उ ए ओ, मग का सा ता ना हा मा या रा वा. काही ओळखीचं वाटतं का? आपलीच वर्णमाला. क-वर्ग, च-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग, मग य र व. च-च्या जागी 'सा' आहे आणि प-च्या जागी 'हा', कारण तो क्रम लागला तेव्हा त्यांचे उच्चार वेगळे होते, आजचा 'ह' पूर्वी 'प' होता. हा क्रम बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून आला. त्यांची सिद्धम् लिपी आणि आपली देवनागरी या एकाच गुप्त लिपीच्या लेकी. जपानात सिद्धम् आजही ब्रशनं लिहितात. दफनभूमीत थडग्यामागे उभ्या लाकडी फळ्या असतात ना, त्यांच्यावर वरच्या टोकाला बीजाक्षरं दिसतील.

ही अक्षरविद्या चीनहून आणणाऱ्यांत मोठं नाव कूकाइ यांचं, म्हणजेच कोबो दाइशी. ८०४ मध्ये गेले, ८०६ मध्ये परतले. जपानातल्या तीन महान सुलेखनकारांपैकी एक. त्यांच्यावर म्हण आहे, कोबोचाही ब्रश चुकतो. क्योतोच्या राजवाड्याच्या ओतेन दरवाजाची पाटी त्यांनी लिहिली, वर टांगली, आणि मग लक्षात आलं की एक ठिपका राहिला. दंतकथा अशी की त्यांनी खालूनच ब्रश फेकून तो ठिपका दिला. तेव्हा निदोगाकीची, म्हणजे दुसऱ्यांदा हात फिरवायची, तुमची ती बंदी खुद्द कोबोला लागू नव्हती. लेकाला सांगा.

सोडायचं-ठेवायचं तुम्ही बघा. पण चुकलेले कागद टाकू देऊ नका, तारीख घालून साठवा. मोडीच्या वर्गात मी तेच करतो. तीन महिन्यांनी पहिला कागद दाखवला की पोरं स्वतःच हसतात.

नागोयाची_सून

बोरूबहाद्दर, प्रतिसादच वेगळा धागा होण्यासारखा आहे.

माझी मुलगी डावखुरी. शूजीत रेघा डावीकडून उजवीकडे ओढायच्या, त्यात डाव्या हातानं ब्रश ढकलला जातो आणि हाराइ येतच नाही. पहिल्या क्लासच्या बाईंनी सरळ उजव्या हातात दिला. मुलगी सहा महिने गप्प गप्प असायची, आम्हाला कारण उशिरा कळलं. दुसरा क्लास शोधला, तिथल्या सरांनी कागद थोडा तिरका करून डाव्यानंच लिहू दिलं. अक्षर कित्त्यासारखं नाही येत, पण ती जाते. सातारी ताई, लेकाचा हात कुठला? आधी ते बघा.

आणि सोरोबानची परीक्षा देतोय का? क्यू म्हणजे पातळी, आकडा कमी तितकी अवघड. पहिल्या क्यूला ३० मिनिटांत ५० गणितं, ३०० पैकी २४० लागतात. आमच्याकडे त्या महिन्यात घरात टीव्ही बंद असतो.

सातारी_मिरची

उजवाच आहे. पण खांद्याचं बोलणं पटलं. शुक्रवारी नीट पाहिलं तर चौथ्या कागदापासून त्याचा हात थरथरतो. बाईंशी बोलले. त्या म्हणाल्या, मग त्यानं तीनच कागद लिहावेत आणि उरलेला वेळ शाई उगाळावी. आता बाटलीतली शाई बंद, वडी उगाळतो. सुझुरीच्या चढाला 'जमीन' म्हणतात आणि खोलगट भागाला 'समुद्र'. जमिनीवर चार थेंब पाणी घ्यायचं, जोर न लावता वडी गोल फिरवायची, काळं झालं की समुद्रात सोडायचं. काजळी, प्राण्यांपासूनचा सरस आणि थोडं सुगंधी द्रव्य असतं त्यात. वडी नाराची, तिथे ती हिवाळ्यातच बनवतात, उन्हाळ्यात सरस खराब होतो म्हणून. हे बाईंनी सांगितल्यापासून तो वडीचा वास घेत बसतो. तीन कागद लिहितो, रडत नाही. क्लास सोडायचा विषय दोन आठवडे निघालेला नाही. परीक्षेला आठव्या क्यूला दोघंही बसतोय, माझी जास्त धाकधूक.

बोरूबहाद्दर, कोबोची गोष्ट सांगितली. सांगायला नको होती. काल त्यानं घरी मोठ्ठं अक्षर लिहिलं, मुद्दाम एक ठिपका सोडला, कागद भिंतीला चिकटवला आणि दोन पावलं मागे जाऊन ब्रश फेकला. ठिपका कागदावर पडला नाही. भाड्याच्या घराच्या भिंतीवर पडला, आणि शर्टावर. सुमी, म्हणजे ही शाई, कपड्यावरून निघते का हो कशानं?

ओसाकाकर

भिंतीचं घरमालकाशी बघा. शर्टाला शिजवलेला भात लावा. थोडं साबणाचं पाणी घालून शितं डागावर चोळायची, भात काळा झाला की बदलायचा. इथल्या सगळ्या आया हेच करतात. वाळायच्या आत करा.

चकलीचा_सोऱ्या

भिंतीचा फोटो टाक ना.

सातारी_मिरची

भात चोळला, तीन वेळा. काळ्याचं राखाडी झालं, त्यापुढे हलेना. तो शर्ट आता शुक्रवारचा. भिंतीपुढे कपाट सरकवलंय, त्यामुळे फोटो नाही.